गाडीचा तंग

चांदसैली घाटात बायको मागून म्हणाली, "अहो, सीट सरकतेय." मी म्हटलं, नवी आहे, बसेल हळूहळू. पुढच्याच वळणावर ब्रेक दाबला आणि आम्ही दोघं सीटसकट टाकीवर आदळलो. गाडी आडवी झाली नाही हे नशीब.

उतरून पाहिलं तर मागचा एक बोल्ट गायब, दुसऱ्याचा नट बोटांनी फिरत होता. कंपनीची सीट टोचते म्हणून आठच दिवसांपूर्वी बाजारातली जाड गादीची सीट बसवली होती. माझ्या गाडीला सीटच्या पुढच्या टोकाला एक जीभ असते, ती टाकीमागच्या पट्टीखाली अडकते. मागे दोन बोल्ट. नव्या सीटची जीभ अर्धं बोट आखूड होती. फिटरनं "जमतंय" म्हणत ठोकून बसवली आणि मीही मान डोलावली. जीभ नुसती टेकलेली, म्हणजे ब्रेकचा सगळा जोर मागच्या दोन बोल्टांवर. त्यात खालच्या चार रबरी गुटक्यांपैकी दोनच फ्रेमला टेकत होते. सीट दर खड्ड्याला डुलायची, आणि डुलणाऱ्या सीटचा साधा नट आपोआप मागे फिरतो.

यातून शहाणं व्हायचं, तर मी उलट दुसरा उद्योग केला. सीटखाली गाडीचे कागद ठेवतो, ते काढायला सोपं जावं म्हणून हातानं फिरवता येतील असे नट लावून घेतले. तेही बाहेरून दिसतील असे. पाना लागत नाही याचं कौतुक मी चार जणांना सांगितलं. पाचव्यानं ते स्वतःच पाहिलं असणार.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं, घोडेबाजारात दोन तास हिंडलो. परत आलो तर गाडी जागेवर, हँडल लॉक शाबूत, आणि सीटच्या जागी उघडी बॅटरी. खोगीर, जीन, रिकिबी विकणाऱ्यांच्या रांगेसमोर माझ्याच वाहनाचं खोगीर चोरीला गेलं होतं! शेवटी एक घोंगडी आणि घोड्याचा एक तंग विकत घेतला. घोंगडीची घडी फ्रेमवर ठेवून तंगानं आवळली. दुकानदार हसला नाही. दहा पावलं चालवून पुन्हा आवळा, म्हणाला. तंग आवळताना घोडा पोट फुगवतो, चालला की पोट आत जातं आणि पट्टा सैल पडतो. माझ्या गाडीला पोट नव्हतं, पण गादीला होतं. नवी गादी, नवे रबरी गुटके पहिल्या काही दिवसांत दबतात. फिटरकडे घट्ट बसलेला नट शंभर किलोमीटरनंतर तेवढा घट्ट राहत नाही. ही गोष्ट मला कोणत्याही गॅरेजात कुणी सांगितली नव्हती.

पोलिसांत तक्रार दिली. सीट 3,200 रुपयांची. तिथं कळलं की भारतीय न्याय संहितेत चोरीचा माल 5,000 रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र. नोंद होते, पण न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. विम्याचंही तसंच. दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत गाडी जागेवर राहून नुसतं जादा सामान चोरीला गेलं, तर भरपाई नाही. म्हणजे सीट गेली की गेली.

आताच्या तिसऱ्या सीटला आधी जीभ तपासली. बोल्ट न लावता सीट पुढं सरकवून मागून वर उचलून बघायची. पुढचं टोक उठलं तर ती सीट घेऊच नये, किंवा पत्रा वेल्ड करून जीभ लांबवून घ्यावी. खाली वायर चेपत नाही ना, तेही तेव्हाच बघावं. सीटचा तळ फायबरचा असल्यानं बोल्टाखाली रुंद वॉशर घातले, नाहीतर भोक फाटत जातं. नट नायलॉक. तो दोन-तीनदा उघडला की आतल्या नायलॉनची पकड जाते, मग नवा घ्यावा, दोन-पाच रुपयांचा प्रश्न. नायलॉक जिथं बसत नाही तिथं आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा थेंब. लाल नको, तो पुढं तापवल्याशिवाय सुटत नाही आणि सीटखाली बॅटरी व पेट्रोलची नळी असते. आवळताना जोर दाखवू नये. सहा मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे लगेच जातात.

चोरासाठी म्हणून ॲलन बोल्ट घेतले आणि त्यांच्या खाचेत सायकलच्या बेअरिंगचा छर्रा ठोकून वर मेण भरलं. सायकलच्या लॉकची तार सीटच्या तळातल्या कडीतून फ्रेमला गुंफली, कुलूप साइड पॅनेलच्या आत. पक्का चोर हे पाच मिनिटांत काढील. यात्रेतल्या चोराकडे पाच मिनिटं नसतात. कागद आता मोबाइलमधल्या डिजिलॉकरमध्ये आहेत. मागच्याला धरायचं हँडल मात्र सीटवाल्याला काढू दिलं नाही; केंद्रीय मोटार वाहन नियम 123 नुसार ते लागतंच.

नट आवळून झाला की नटापासून फ्रेमवर ऑइलपेंटची एक पांढरी रेघ ओढतो. नट हलला की रेघ तुटते. घाटाआधी चहाला थांबलो की बायको कप हातात यायच्या आत वाकून ती रेघ बघते. परवा एक केसभर सरकलेली होती. तिनं काही न बोलता टूलबॉक्समधून पाना काढून माझ्या हातात दिला.