दूरस्थ पाठ आणि घरची अध्ययनरीत

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या आणि फळ्यावरचा पाठ मोबाइलच्या पडद्यावर आला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला चालविली. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. दीक्षा ॲपवरील पाठ आणि बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड तर त्यापूर्वीच उपलब्ध होते. साथ ओसरली, शाळा पूर्ववत् भरू लागल्या. तथापि गृहपाठाचे व्हॉट्सॲप गट आणि दृक्‌श्राव्य पाठ आता अनेक शाळांच्या नित्यक्रमात स्थिरावले आहेत. म्हणून त्या काळात पुढे आलेला एक प्रश्न अजून जुना झालेला नाही. एकच पाठ सारख्याच साधनाने दोन घरी पोहोचतो, आणि तरीही दोन मुले तो सारखा का शिकत नाहीत?

यावर एक तयार उत्तर सांगितले जाते. कोणी मूल पाहून शिकते, कोणी ऐकून, कोणी वाचून-लिहून, तर कोणी हाताने करून. तेव्हा प्रत्येकाचा प्रकार ओळखावा व त्याप्रमाणे पाठ द्यावा. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये ही चतुर्विध विभागणी मांडली आणि ती जगभर लोकप्रिय झाली. परंतु २००८ साली पॅश्लर, मॅकडॅनियल, रोहरर व ब्यॉर्क या चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा मुलाच्या प्रकाराशी पाठ जुळविल्याने अध्ययन अधिक चांगले होते, यास पुरेसा आधार त्यांना आढळला नाही. मुलांना आवडी असतात, हे खरेच. पण आवड म्हणजे कुवत नव्हे. ‘हा ऐकून शिकणारा’ अशी चिठ्ठी मुलाच्या कपाळी चिकटविली म्हणजे त्याला वाचनाचा सराव देण्याचे आपण सोयीस्करपणे टाळतो, एवढेच पुष्कळदा घडते.

मुलाचा प्रकार शोधण्यापेक्षा त्याच्या घरी शिकण्याची कोणती रीत रुळलेली आहे, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातीलच मीरा रोडच्या नया नगरचे उदाहरण घेण्याजोगे आहे. हा भाग मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. जिल्हा परिषदेच्या शाळांशी त्याचा प्रशासकीय संबंध नाही. परंतु तेथील मुलाची अडचण ग्रामीण शाळेतील शिक्षकास परकी वाटणार नाही. ही वस्ती बहुसंख्येने मुस्लिम कुटुंबांची आहे. मुंबईतील दाटीच्या मोहल्ल्यांतून पुष्कळ कुटुंबे येथे आली आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर त्यांत आणखी भर पडली. घरी उर्दू वा हिंदी, शाळेत उर्दू किंवा इंग्रजी माध्यम, कार्यालयांत मराठी आणि धर्मशिक्षणात अरबी, अशा अनेक भाषांतून येथील मुलाचा दिवस जातो.

अशा वस्तीतील चौथीच्या एका मुलीची कल्पना करावी. शाळेव्यतिरिक्त ती रोज कुराणवाचनाच्या शिकवणीस जाते. तेथे प्रथम ‘कायदा’ नावाचे अक्षरपुस्तक शिकवितात. सर्व मुले एकाच वेळी आपापला धडा मोठ्याने म्हणतात. बाहेरच्यास तो निव्वळ गलका वाटतो. मग एकेक मूल उस्तादांपुढे जाऊन बसते व धडा म्हणून दाखविते. उच्चार चुकला की उस्ताद तेथल्या तेथे थांबवितात, आणि धडा बिनचूक झाल्यावाचून पुढचा मिळत नाही. जी मुले संपूर्ण कुराण पाठ करतात त्यांची व्यवस्था याहूनही काटेकोर असते. आजचा नवा धडा तो सबक, अलीकडच्या धड्यांची उजळणी ती सबकी आणि फार पूर्वी पाठ झालेल्या भागाची फेरी ती मंजिल. नवे, अलीकडचे आणि जुने या तिन्हींचा हिशेब रोज द्यावा लागतो.

या रीतीत वाढलेल्या मुलीपुढे जेव्हा अपूर्णांकांचा दहा मिनिटांचा व्हिडिओ येतो, तेव्हा काय घडते? व्हिडिओ बोलतो, पण ऐकत नाही. तो तिला थांबवीत नाही आणि तिच्या होकाराची वाटही पाहत नाही. आपला धडा झाला की नाही, हे तिला कळण्याचा मार्गच त्यात नाही. ती तो दोनदा पाहते, समजल्यासारखे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी वही कोरी राहते. मग ‘घरी लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो. वास्तविक तिचे लक्ष होते. तिला सवय होती ती म्हणून दाखविण्याची, आणि या पाठात तिचे म्हणणे ऐकणारे कोणीच नव्हते.

ही रीत केवळ मदरशाची आहे, असे मानण्याचे कारण नाही. मराठी घरांतून दिवेलागणीला परवचा म्हणत, तेव्हा पाढे, पावकी, निमकी, दिडकी वडीलधाऱ्यांच्या कानांवरून जात असत. चूक झाली की चुलीपाशी बसलेली आजीसुद्धा हटकीत असे. नव्या शिक्षणविचारात या साऱ्याची घोकंपट्टी म्हणून पुष्कळ निंदा झाली, आणि काही अंशी ती योग्यही होती. परंतु तिच्यात दडलेले एक तत्त्व आपण उगाच टाकून दिले. २००६ साली रोडिगर व कार्पिकी या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो मिटवून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. व्हिडिओ पुन्हा पाहणे म्हणजे उतारा पुन्हा वाचणेच होय; परवचा आणि सबकी यांत मात्र आठवून सांगावे लागते.

येथे एक सावधगिरी हवी. पवित्र ग्रंथाचे पठण शब्दशः व्हावयाचे असते. गणिताचे तसे नाही. जी मुलगी नियम बिनचूक म्हणून दाखविते, तिला ‘अर्धी भाकरी आणि पाव भाकरी यांत मोठी कोणती, आणि का?’ असे विचारावे. ‘का’चे उत्तर तिने स्वतःच्या शब्दांत, घरच्या बोलीत दिले तरी चालेल. रीत तिची राहू द्यावी आणि तिच्यातून नवे काम घ्यावे.

दुसरी गोष्ट मौनाची. ऑनलाइन वर्गात ‘कोणाला शंका आहे?’ असे विचारले जाते, आणि कोणीच बोलत नाही. अनेक घरांत वडील माणसांपुढे आपण होऊन बोलणे हे उद्धटपणाचे समजतात. त्यातून एका खोलीत सारे कुटुंब असेल तर चूक झाल्यास ती वर्गापुरती राहत नाही. भावंडे, काका, शेजारीण सर्वांना ऐकू जाते. कॅमेऱ्याचेही तसेच. तो सुरू करणे म्हणजे घरातील स्त्रिया, वाळत घातलेले कपडे आणि निजलेले बाळ वर्गासमोर मांडणे होय. पडदाशीन घरातच नव्हे, कोणत्याही भरल्या घरात आईला ते नको वाटते. बंद कॅमेऱ्यावरून गैरहजेरी मांडणे हा त्या घरावर अन्याय आहे.

तिसरी गोष्ट लिपीची. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. तिच्या वाक्यात आलेली संख्या मात्र डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. उर्दूची पुस्तके नस्तालीक वळणात छापलेली असतात, परंतु मोबाइलवर तोच मजकूर पुष्कळदा नस्ख वळणात उमटतो. ज्यांना देवनागरीच वाचावयाची असते त्यांच्या हे ध्यानी येत नाही. पण आठ वर्षांच्या मुलास ते जवळजवळ निराळे अक्षरच वाटते. अशा वेळी शिक्षकाने हाताने लिहिलेल्या पानाचे छायाचित्र छापील मजकुरापेक्षा अधिक उपयोगी पडते.

हे सर्व शहापूर वा मुरबाडच्या पाड्यास लावून पाहावे. कातकरी मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते, आणि घरातला एकुलता मोबाइल दिवसभर बापाच्या खिशात असतो. ते मूल मासे धरणे, पाखरे ओळखणे, रानातल्या वाटा हे सारे मोठ्यांच्या मागे हिंडून, पाहून आणि करून शिकलेले असते. त्याला म्हणून दाखविण्याची सवय नसते. नया नगरच्या मुलीस जो उपाय लागू पडेल तोच त्यास लागू पडेल, असे नाही. त्याला ‘भट्टीवर एका रांगेत किती विटा लागतात ते मोजून, रात्री सांग’ असा पाठ द्यावा लागेल. ऑस्ट्रेलियात १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथून दूरवरच्या मुलांसाठी रेडिओवरील शाळा सुरू झाली. त्या व्यवस्थेतही रेडिओ दोन्ही बाजूंनी बोलणारा होता, आणि मुलाजवळ आई किंवा दुसरे कोणी शिकविण्यास बसत असे.

आपल्याकडे त्यासाठी नवे यंत्र नको. व्हिडिओ पाठविताना सोबत एकच प्रश्न स्वतःच्या आवाजात पाठवावा, आणि उत्तर लेखी न मागता मुलाच्या आवाजात मागवावे. मोबाइल रात्री आठनंतरच हाती येत असेल, तर उत्तराची मुदत सकाळपर्यंत ठेवावी. चाळीस मुलांची उत्तरे रोज ऐकणे अशक्य आहे. रोज आठ ऐकली तरी शाळेच्या आठवड्यात प्रत्येकाची पाळी येते. ऐकल्यावर ‘छान’ एवढेच न कळविता, कोठे अडले ते नाव घेऊन एका वाक्यात सांगावे. सोमवारच्या प्रश्नात मागील आठवड्याचा एक आणि मागील महिन्याचा एक प्रश्न मिसळावा. आणि वर्ष सुरू होताना हजेरीपटाच्या मागील कोऱ्या पानावर प्रत्येक मुलापुढे तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: मोबाइल घरी केव्हा असतो, मूल घरी कोणत्या बोलीत बोलते, आणि शाळेबाहेर ते कोणाकडून व कसे शिकते. यांपैकी तिसऱ्या गोष्टीची माहिती कोणत्याही विहित नमुन्यात सापडत नाही. ती मिळविण्यासाठी घरी जावे लागते.