संयमाचे सामर्थ्य : आर्थर ॲश

प्रस्तावना

खेळाडूचे चरित्र म्हटले की जिंकलेल्या स्पर्धा, मिळालेली पदके आणि मोडलेले विक्रम आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु काही खेळाडूंचा सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी मैदानाबाहेर उभा असतो. अमेरिकेचे विख्यात टेनिसपटू आर्थर ॲश यांना आयुष्यभर वर्णभेदाशी असा सामना करावा लागला. त्यांनी तो शांतपणे केला, म्हणून काहींनी त्यांना दुबळे ठरवले. अन्याय सोसणाऱ्याचा संयम म्हणजे दुबळेपणा असतो काय? या प्रश्नाचा विचार करत आपण प्रस्तुत पाठ वाचणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• आर्थर ॲश यांच्या जडणघडणीतील महत्त्वाचे टप्पे सांगू शकाल;
• १९७५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यातील त्यांच्या डावपेचांचे स्पष्टीकरण देऊ शकाल;
• संयम आणि शरणागती यांतील भेद स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. उद्यानातील घर

आर्थर ॲश यांचा जन्म १० जुलै १९४३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या रिचमंड शहरी झाला. त्या काळी तेथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांसाठी शाळा वेगळ्या, बसमधील जागा वेगळ्या आणि खेळाची मैदानेही वेगळी होती. आर्थरचे वडील कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या एका उद्यानाचे रखवालदार होते. कुटुंबाचे घर उद्यानातच होते आणि घराला लागूनच टेनिसची मैदाने होती. १९५० मध्ये आर्थरची आई वारली. किडकिडीत अंगाचा हा मुलगा पुस्तकांत आणि टेनिसमध्ये रमू लागला. रॉन चॅरिटी या तरुण खेळाडूने त्याला टेनिसचे पहिले धडे दिले. शहरात गोऱ्यांसाठी असलेल्या चांगल्या मैदानांवर मात्र त्याला पाऊल ठेवता येत नव्हते.

पुढे लिंचबर्ग येथील डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन हे त्याचे गुरू झाले. व्यवसायाने वैद्य असलेले डॉ. जॉन्सन कृष्णवर्णीय मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या घरी ठेवून टेनिस शिकवीत. १९५७ मध्ये विम्बल्डन जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडू अल्थिया गिब्सन यांनाही त्यांचेच मार्गदर्शन लाभले होते. त्यांचा एक नियम विलक्षण होता. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या किंचित बाहेर पडला, तरी तो आत पडला असे मानून खेळायचे आणि पंचांशी कधीही वाद घालायचा नाही. आपल्या मुलांना स्पर्धेतून हाकलून देण्यास कोणालाही निमित्त मिळू नये, हा त्यामागील हेतू होता. आर्थरने हा नियम अंगी बाणवला. गुरूंनी दिलेली ही ढाल होती; पण ती सतत धरून ठेवण्यासाठी किती बळ लागत असेल, याची कल्पना करून पाहा.

२. विद्या आणि विजय

हिवाळ्यात रिचमंडमधील बंदिस्त मैदाने कृष्णवर्णीयांना खुली नव्हती. म्हणून शालेय शिक्षणाचे अखेरचे वर्ष आर्थरने घरापासून दूर, सेंट लुइस शहरात काढले. त्यानंतर लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची शिष्यवृत्ती त्याला मिळाली. १९६३ मध्ये डेव्हिस चषक स्पर्धेसाठी अमेरिकेच्या संघात निवड झालेले ॲश हे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. खेळात नाव होऊनही त्यांनी शिक्षण अर्धवट सोडले नाही. १९६६ मध्ये त्यांनी व्यवसाय प्रशासनाची पदवी संपादन केली.

१९६८ मध्ये पहिली खुली अमेरिकन स्पर्धा न्यूयॉर्कमध्ये भरली. ॲश तेव्हा सैन्यात अधिकारी होते आणि हौशी खेळाडू म्हणून खेळत होते. अंतिम सामन्यात त्यांनी नेदरलँड्सच्या टॉम ओक्कर यांना पाच सेटमध्ये हरवले. विजेत्यासाठी १४,००० डॉलरचे पारितोषिक होते. परंतु हौशी खेळाडूला पैसे घेता येत नसल्यामुळे ते उपविजेत्या ओक्कर यांना मिळाले. विजेत्याच्या वाट्याला केवळ दैनंदिन खर्चाचा भत्ता आला. १९७० मध्ये ॲश यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धाही जिंकली.

३. विम्बल्डनचा डाव

५ जुलै १९७५ रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात ॲश यांच्यासमोर जिमी कॉनर्स उभे होते. कॉनर्स २२ वर्षांचे, गतविजेते आणि जगातील अग्रमानांकित खेळाडू. त्या स्पर्धेत त्यांनी तोवर एकही सेट गमावला नव्हता. ॲश यांना ३२ वे वर्ष पूर्ण व्हायला पाच दिवस उरले होते. ते जिंकतील असे फारच थोड्यांना वाटत होते.

ॲश यांचा नेहमीचा खेळ जोरकस फटक्यांचा होता. परंतु समोरून वेगाने येणाऱ्या चेंडूचाच वेग वापरून कॉनर्स अधिक वेगवान फटका मारतात, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्या दिवशी त्यांनी आपला स्वाभाविक खेळ बाजूला ठेवला. त्यांनी चेंडू हळू आणि खाली ठेवले, सर्व्हिस कोपऱ्याबाहेर खेचणारी केली आणि कॉनर्स जाळीजवळ आले की चेंडू त्यांच्या डोक्यावरून उंच टाकला. मधल्या विश्रांतीत ते डोळे मिटून स्वस्थ बसत. सामना त्यांनी ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा जिंकला. विम्बल्डनचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. तिसरा सेट हातून गेल्यावरही त्यांनी आपला मार्ग सोडला नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

४. जावे की न जावे?

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेद हेच सरकारचे अधिकृत धोरण होते. ॲश यांना त्या देशाने प्रवेशपत्र नाकारले होते. अखेर १९७३ मध्ये ते मिळाले. प्रेक्षकांची बसण्याची व्यवस्था वर्णानुसार विभागलेली नसावी, अशी अट घालून ते जोहान्सबर्गला गेले. एकेरीच्या अंतिम सामन्यात ते हरले. दुहेरी मात्र त्यांनी ओक्कर यांच्यासह जिंकली. तेथील एक मुलगा त्यांच्या मागेमागे फिरत असे. इतका मोकळा कृष्णवर्णीय माणूस आपण पहिल्यांदाच पाहत आहोत, असे त्याने ॲश यांना सांगितले. तथापि अशा देशात खेळणे म्हणजे त्याच्या धोरणाला मान्यता देणे होय, अशी टीकाही त्यांच्यावर झाली.

पुढच्याच वर्षी हा प्रश्न भारतासमोर आला. १९७४ मध्ये भारताने डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषकावर पाणी सोडले. अन्याय एकच होता, विरोधाचे मार्ग मात्र वेगळे होते. पुढे ॲश यांनीही बहिष्काराचा मार्ग स्वीकारला. १९८५ मध्ये वॉशिंग्टन येथे दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर निदर्शने करताना त्यांना अटक झाली. पंचांशी वाद न घालणाऱ्या या माणसाला आवाज कोठे उठवायचा, हे नेमके ठाऊक होते.

५. अखेरचे पर्व

१९७९ मध्ये ॲश यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. १९८० मध्ये ते स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने १९८१ आणि १९८२ मध्ये डेव्हिस चषक जिंकला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंचा इतिहास संशोधनपूर्वक लिहून त्यांनी तो १९८८ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी त्यांना एड्स झाल्याचे निष्पन्न झाले. १९८३ मधील दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून ही बाधा झाली असावी, असे मानले जाते. त्या काळी रक्ताची तशी तपासणी होत नसे. ही गोष्ट त्यांना कुटुंबापुरती ठेवायची होती. पण एका वृत्तपत्राला सुगावा लागल्यामुळे एप्रिल १९९२ मध्ये त्यांना ती जाहीर करावी लागली. मनाला वेदना होऊनही उरलेले दिवस त्यांनी एड्सविषयी लोकजागृती करण्यात घालवले. या रोगापेक्षाही वर्णभेदाचे ओझे आपल्याला अधिक जड वाटले, असे ते सांगत. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली उभारलेल्या भव्य टेनिस स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्याआधी १९९६ मध्ये रिचमंडच्या मॉन्युमेंट ॲव्हेन्यू या राजरस्त्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूच्या सेनानींचे पुतळे त्या रस्त्यावर होते. २०२० आणि २०२१ मध्ये ते हटवण्यात आले. ॲश यांचा पुतळा मात्र आजही तेथे आहे. त्यांच्या एका हातात पुस्तके आहेत, दुसऱ्या हातात रॅकेट आहे आणि भोवती मुले आहेत. पुस्तकांचा हात रॅकेटच्या हातापेक्षा उंच आहे.

शब्दार्थ

अंगी बाणवणे – आपल्या स्वभावाचा भाग करणे. पाणी सोडणे – हक्क वा आशा सोडून देणे. सुगावा – मागमूस. निष्पन्न होणे – सिद्ध होणे.

पाठगत प्रश्न

१. डॉ. जॉन्सन यांनी घालून दिलेला नियम कोणता? त्यामागील हेतू काय होता?
२. कॉनर्स यांच्याविरुद्ध ॲश यांनी आपला नेहमीचा खेळ का बदलला?
३. १९७३ मध्ये ॲश यांनी आणि १९७४ मध्ये भारताने घेतलेल्या निर्णयांची तुलना करा. तुम्हाला कोणता निर्णय अधिक योग्य वाटतो? सकारण लिहा.