पुसूनही परतणारी खूण

चेन्नईच्या अण्णा नगर ह्या वस्तीत १९६८ सालच्या व्यापार प्रदर्शनासाठी उभारलेला एक उंच मनोरा आहे. आज ह्या वस्तीत स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीवर्गांच्या पाट्या जागोजागी दिसतात आणि दूरच्या गावांहून आलेले विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहून अभ्यास करतात. अशाच एका खोलीत तिघे विद्यार्थी एकच संगणक वापरीत आहेत, असे समजू या. त्यांपैकी एकाला कित्येक दिवस झोप लागत नाही. मन खिन्न असते. कोणाजवळ न बोलता तो रात्री मानसोपचारासंबंधीची दोन-चार संकेतस्थळे चाळतो, पाहिलेल्या पानांची यादी आठवणीने पुसतो आणि संगणक बंद करतो. सकाळी त्याचा सोबती त्याच संगणकावर वर्तमानपत्र उघडतो, तो बातमीच्या शेजारीच नैराश्यावर सल्ला देणाऱ्या केंद्राची जाहिरात झळकते. सोबती काही बोलत नाही. परंतु जे झाकून ठेवावयाचे होते ते उघडे पडलेले असते.

हे घडले कसे? यादी पुसली होती, परंतु कुकी पुसली नव्हती.

कुकी म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या ब्राउझरपाशी ठेवावयास दिलेली लहानशी नोंद होय. (ब्राउझरला मराठीत ‘न्याहाळक’ असा सुरेख शब्द सुचविला गेला आहे, पण तो बोलण्यात रुळला नाही.) एका कुकीची मर्यादा साधारणतः चार हजार अक्षरांची असते, आणि पुष्कळदा तीत एका लांबलचक क्रमांकापलीकडे काहीच नसते. ह्या क्रमांकाची गरज का पडली, हे समजून घेतले पाहिजे. वेबची मूळ रचना विसराळू आहे. एखादे पान मागितले की ते पाठविणारा सर्व्हर लगेच मागणाऱ्याला विसरतो. तोच मनुष्य क्षणभराने दुसरे पान मागू लागला तरी तो त्याला नवखाच वाटतो. अशा स्थितीत दुकानाच्या संकेतस्थळावर निवडलेली वस्तू पुढल्या पानावर लक्षात ठेवावी कोणी? १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली ह्या तरुण तंत्रज्ञाने ह्यावर उपाय शोधला: सर्व्हरने एक क्रमांक द्यावा आणि ब्राउझरने प्रत्येक भेटीत तो परत दाखवावा.

देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याने दिलेला बिल्ला हे ह्याचे चांगले उदाहरण होईल. सांभाळणारा भाविकाला ओळखत नाही, त्याला नाव-गाव ठाऊक नसते; बिल्ल्यावरचा क्रमांक पाहून तो चपला काढून देतो आणि व्यवहार संपतो. ह्यात आक्षेपार्ह काहीच नाही. बँकेचे किंवा रेल्वे-आरक्षणाचे संकेतस्थळ ह्याच रीतीने चालते आणि कुकी नसेल तर ते चालणारच नाही.

आता अशी कल्पना करावी की वडपळनी, मैलापूर, तिरुवल्लिक्केणी येथील सर्व देवळांबाहेरचे चपला सांभाळण्याचे कंत्राट एकाच माणसाने घेतले आहे. तो भाविकाला सगळीकडे एकच बिल्ला वापरावयास लावतो आणि वहीत लिहून ठेवतो: क्रमांक ४१७ मंगळवारी वडपळनीस, शुक्रवारी मैलापुरास, तेथून डॉक्टरांकडे. नाव अजूनही त्याला ठाऊक नाही. परंतु वही पुरेशी भरली की नावाची गरज तरी किती उरते? वेबवर जाहिरातींच्या कंपन्या नेमके हेच करतात. वर्तमानपत्राच्या पानावरील जाहिरात वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येत नाही. ती तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि येताना आपली कुकी ठेवते. तीच कंपनी औषधांच्या पानावर, कपड्यांच्या दुकानात, मानसोपचाराच्या माहितीपत्रकातही हजर असते आणि प्रत्येक ठिकाणी आपला जुना क्रमांक वाचते. हिला ‘थर्ड पार्टी’ म्हणजे तिऱ्हाइताची कुकी असे म्हणतात. ब्राउझर बंद करताच नाहीशी होणारी कुकी निराळी. ही मात्र मुदत लिहून आलेली असते. पूर्वी ती मुदत कितीही वर्षांची घालता येई. क्रोम ब्राउझरने २०२२ मध्ये ती जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली.

हा धोका फार उशिरा कळला असे मात्र म्हणता येणार नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीसंबंधीचा पहिला औपचारिक मानक-मसुदा प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक स्वतः मॉन्टुली होता. तिऱ्हाइताच्या कुकी ब्राउझरने मुळातच स्वीकारू नयेत, अशी शिफारस त्यात होती. त्या वेळच्या प्रमुख ब्राउझरांनी ती मानली नाही. जाहिरातींचा धंदा तोवर मूळ धरू लागला होता. ॲपलच्या सफारीने अशा सर्व कुकी आपण होऊन अडविण्यास मार्च २०२० उजाडले. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगवेगळ्या बरण्यांत ठेवण्यास सुरुवात केली. म्हणजे कंत्राटदार तोच राहिला तरी प्रत्येक देवळात त्याला नवा बिल्ला द्यावा लागतो आणि त्याच्या वह्या जुळत नाहीत. क्रोम बनविणाऱ्या गूगलने २०२० साली ह्या कुकी बंद करण्याची घोषणा केली, वारंवार मुदत वाढविली आणि २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. जाहिरात हेच ज्या कंपनीच्या उत्पन्नाचे मुख्य साधन, तिच्याकडून दुसरे काय अपेक्षावे!

चेन्नईपुरते पाहता एक वेगळी गोष्ट घडली. ह्या शहरात मुख्यालय असलेल्या झोहो कंपनीने मे २०२३ मध्ये ‘उला’ नावाचा ब्राउझर काढला. तमिळमध्ये ‘उला’ म्हणजे फेरी, भ्रमंती. राजाच्या वा देवाच्या नगरप्रदक्षिणेचे वर्णन करणारा एक जुना काव्यप्रकारही ह्याच नावाने ओळखला जातो. माग काढणाऱ्या यंत्रणा आपण होऊन अडविणे हे ह्या ब्राउझरचे घोषित वैशिष्ट्य होय. केंद्र सरकारने भारतीय ब्राउझरसाठी घेतलेल्या स्पर्धेत २०२५ साली झोहोला पहिले, एक कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. तथापि उलाचा गाभा हा क्रोमचाही गाभा असलेल्या क्रोमियमचाच आहे, हे सांगितले पाहिजे.

ब्राउझर कोणताही असो, कुकी काढून टाकताना क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक लोक आधी पुसतात आणि तेथेच थांबतात. पुढले पान उघडताच नवी कुकी येऊन बसते. म्हणून प्रथम दार लावावे, मग झाडलोट करावी. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्यात ‘थर्ड पार्टी कुकीज’ येथे जाऊन त्या अडविण्याचा पर्याय निवडावा. फायरफॉक्समध्ये त्याच नावाच्या विभागात ‘स्ट्रिक्ट’ हा कडक पर्याय आहे. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ह्या तीन कळा एकत्र दाबल्या की पुसण्याची चौकट उघडते. तेथे काळ ‘सर्व’ असा निवडावा. केवळ मागील एका तासाच्या कुकी पुसून जुन्या क्रमांकाला काहीच होत नाही. पाहिलेल्या पानांची यादी आणि कुकी ह्यांच्यापुढील खुणा वेगवेगळ्या असतात, आणि आपल्या विद्यार्थ्याची चूक नेमकी येथेच झाली. साठविलेली चित्रे व फायली, म्हणजे ‘कॅश’, ह्यांच्यापुढेही खूण करावी. नंतर सर्व खिडक्या बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. ह्यानंतर बँक, टपाल इत्यादी सर्व ठिकाणी पुन्हा नाव व परवलीचा शब्द द्यावा लागेल. तो पाठ आहे किंवा लिहून ठेवलेला आहे ह्याची खात्री आधीच करून घ्यावी. एखादी पैसे भरण्याची खिडकी अडखळली तर तेवढ्याच संकेतस्थळाला सूट देता येते. त्यासाठी सगळे दार उघडण्याचे कारण नाही.

कॅश पुसावयास सांगितले, ते विनाकारण नव्हे. २००९ मध्ये बर्कले येथील संशोधकांना असे आढळले की, काही संकेतस्थळांवर पुसलेली कुकी त्याच जुन्या क्रमांकासह परत येत होती. क्रमांकाची दुसरी प्रत फ्लॅश नावाच्या चलच्चित्र-प्रणालीच्या साठ्यात दडवलेली असे. सॅमी कामकार ह्याने २०१० मध्ये ‘एव्हरकुकी’ नावाचा कार्यक्रम लिहून, एकच क्रमांक ब्राउझरच्या कितीतरी कोपऱ्यांत कसा लपविता येतो, हे जगाला दाखवून दिले. एका कोपऱ्यातील प्रत वाचली तरी ती बाकीच्या सर्वांना पुन्हा जिवंत करते. बिल्ला हरवला म्हणून काय झाले, क्रमांक चपलेच्या तळाशी खडूने लिहिलेला आहेच. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला, पण बाकीचे कोपरे उरले. पुसण्याच्या चौकटीत ‘कुकी व संकेतस्थळांची इतर माहिती’ असे शब्द असतात. त्यांतील ‘इतर माहिती’ ती हीच.

एवढे करूनही दोन वाटा मोकळ्या राहतात. पहिली, वाचक स्वतःच नाव देऊन आत शिरतो ती. खाते उघडे ठेवून केलेला शोध तिऱ्हाइताच्या कुकीवाचूनही त्याच्या नावावर जमा होतो. दुसरी, पडद्याचा आकार, टंक, यंत्राचा प्रकार ह्यांच्या मिलाफावरून संगणक ओळखण्याची, जणू चपलेची झीज पाहून मालक ओळखावा तशी. येथे पुसण्याजोगे काही नसतेच. फायरफॉक्ससारखे ब्राउझर ही माहिती मिळणे काहीसे अवघड करतात, इतकेच.

कायद्याने काय साधेल? भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ सालचा. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांतील मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढून त्यांना जाहिराती दाखविण्यास ह्या कायद्यात मनाई आहे. आपला विद्यार्थी एकवीस-बावीस वर्षांचा असणार. त्याला ह्या कलमाचा उपयोग नाही.

त्याच्या खोलीपुरता उपाय मात्र सोपा आहे. तिघांसाठी संगणकावर परवलीच्या शब्दासह तीन स्वतंत्र खाती उघडावीत. प्रत्येक खात्यातील ब्राउझर आपल्या कुकी वेगळ्या ठेवतो. एकाची जाहिरात सहसा दुसऱ्याच्या पानावर उमटत नाही. आणि रात्रीचे वाचन करावयाचे तर ते खाजगी खिडकीत करावे, जी बंद होताच आपल्या कुकी पुसते. ती फक्त ह्या संगणकावरच्या पुसते, पलीकडच्या वहीत लिहिले गेलेले तसेच राहते. ह्याच मुद्द्यावरून अमेरिकेत २०२० साली गूगलवर खटला भरला गेला आणि २०२४ मध्ये तडजोड होऊन कंपनीने खाजगी खिडकीतील वाचनाच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.