श्वासाचा भाता

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारच्या परिसरात सोयाबीन व तूर यांची शेते दूरवर पसरलेली आहेत. पावसाळ्यात अशा शिवारांतून मण्यार हा विषारी साप रात्री हिंडतो व जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करतो. पुष्कळदा वेदना होत नाहीत, सूजही येत नाही. काही वेळाने मात्र पापण्या जड होतात आणि उपचार न झाल्यास श्वास थांबतो. नवल असे, की त्या वेळी फुप्फुसे निरोगीच असतात! मग श्वास का थांबावा?

फुप्फुसे स्वतः हवा ओढीत नाहीत. लोहाराचा भाता आपोआप फुगतो काय? त्याला हात लागतो. फुप्फुसांचा हा हात म्हणजे छाती व पोट यांमधील श्वासपटल. घुमटासारखा हा स्नायू आकुंचन पावला, की खाली सरकून सपाट होतो. बरगड्यांमधील स्नायू बरगड्यांना वर व बाहेर उचलतात. छातीची पोकळी वाढते, आतील हवेचा दाब उतरतो व बाहेरची हवा आत शिरते. उच्छ्वासास एरवी श्रम नाहीत. स्नायू सैल पडताच फुप्फुसे लवचीकपणाने मिटतात. शंख फुंकताना मात्र पोटाचे स्नायूही जोर लावतात.

मण्यारीचे विष मज्जातंतूंचा निरोप या स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून वेदना नसल्या तरी रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. मांत्रिकाकडे दवडलेला वेळ जिवावर बेततो. रुग्णालयात प्रतिविष टोचतात, आणि श्वास मंदावल्यास यंत्राने हवा आत लोटतात. श्वासपटल पुन्हा हलू लागेपर्यंत, कधी कित्येक दिवस, हे यंत्र चालू ठेवावे लागते.