वलवणचा नकाशा वाचताना

ट्रेकला निघताना आपण सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट घेतो, पण तिच्यावरचं सर्वेक्षणाचं वर्ष बघतो का? जुनी शीट एक इंचाला एक मैल. नंतरची मेट्रिक, एक सेंटिमीटरला 500 मीटर. वलवणचं धरण 1910 च्या दशकातलं. त्याआधीच्या नकाशात तलाव शोधू नका!

घाटाचा कडा मात्र तिथेच आहे. समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या कंटूर रेषा खोपोलीकडे अगदी चिकटतात. याच सुमारे 500 मीटर उतारामुळे 1915 साली खोपोलीत वीज सुरू झाली. पण धुक्यात हाच कडा दिसत नाही. मागच्या पावसाळ्यात आम्ही रेषा बघूनच माघारी वळलो. म्हणून आधी वर्ष, मग रेषा, आणि मगच पाऊल!