वारशाचा चांदीचा चहा-संच: वापर आणि निगा



आज माहीत असलेली सर्वांत जुनी इंग्लिश चांदीची चहादाणी १६७० सालची. ती ईस्ट इंडिया कंपनीला भेट मिळाली होती आणि आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उंच आणि निमुळती असल्यामुळे ती कॉफीचे भांडेच वाटते. त्याआधी आठ वर्षे, १६६२ मध्ये, पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. तिच्या विवाहाच्या करारात मुंबई इंग्रजांकडे गेली आणि तिच्या आवडीमुळे दरबारात चहाला मान मिळाला. चहा तेव्हा इतका महाग होता की तो कुलपाच्या डब्यात ठेवत. १७८४ मध्ये त्यावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला, तेव्हा तो मध्यम स्थितीच्या घरांतही पोहोचला. पुढे चहादाणी, साखरदाणी आणि दूधदाणी एकाच घाटात घडवणे सर्रास झाले. दुपारी पाहुणे बोलावून चहा देण्याची रीत १८४० च्या सुमाराची असून तिचे श्रेय बेडफर्डच्या डचेस ॲना यांना दिले जाते.

असा संच वारशाने आला की बहुतेक घरांत तो कपाटात जातो आणि वर्षातून एकदा घासून पुन्हा आत ठेवला जातो. चांदीचे यातच सर्वाधिक नुकसान होते. बंद जागेत ती काळी पडते आणि दरवेळच्या पॉलिशबरोबर धातूचा एक पातळ थर निघून जातो. वापरलेली, लगेच धुतलेली आणि पुसून कोरडी केलेली चांदी पॉलिशशिवाय कितीतरी दिवस उजळ राहते.

वापरण्यापूर्वी संच कशाचा आहे ते पाहावे. अस्सल स्टर्लिंगमध्ये ९२.५ टक्के चांदी असते. इंग्लंडमध्ये परीक्षण झालेल्या भांड्यावर चालत्या सिंहाचा छाप, गावाची खूण, वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे आढळतात. नांगर बर्मिंगहॅमचा, जुन्या भांड्यांवरचा मुकुट शेफील्डचा. १७४० च्या दशकात तांब्यावर चांदीचा पत्रा जोडण्याची रीत निघाली. तिला शेफील्ड प्लेट म्हणतात. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. ‘ईपीएनएस’ ही अक्षरे अशाच मुलाम्याच्या भांड्यांवर असतात. मुलामा झिजला की खालचा धातू दिसू लागतो, म्हणून अशा भांड्याला हात आणखी हलका हवा. जुन्या शेफील्ड प्लेटवर कडांशी तांबे डोकावत असले तरी नवा मुलामा चढवू नये. त्याने तिचे मोल जाते. चांदीचे संच भारतातही घडत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुजचे ओमरसी मावजी आणि कच्छचे इतर कारागीर वेलबुट्टी व प्राणी उठावात घडवत. त्या नक्षीच्या खोबणींतला काळेपणा शोभेचाच भाग आहे. तो खरवडून काढल्यास नक्षी सपाट दिसते.

चांदीइतकी उष्णता दुसरा कोणताही धातू वाहून नेत नाही. त्यामुळे कान लाकडाचा असतो, किंवा धातूच्या कानात हस्तिदंताच्या बारीक चकत्या बसवलेल्या असतात. असे भांडे पाण्यात बुडवून ठेवू नये, डिशवॉशरमध्ये तर मुळीच घालू नये. चहादाणी गॅसवर ठेवणे हा सर्वांत घातक प्रकार. तोटीचा आणि तळाचा डाक सुटतो.

ही भांडी मुरवलेल्या चहासाठी आहेत. आपल्याकडचा दूध-साखर घालून उकळलेला चहा त्यात ओतल्यास तोटीच्या मुळाशी असलेल्या भोकांत साय अडकते आणि वास धरतो. दार्जिलिंग, आसाम किंवा निलगिरीची मोठी पत्ती घ्यावी. आधी कढत पाण्याने चहादाणी विसळून गरम करावी, मग माणशी एक चमचा पत्ती घालून नुकतेच उकळलेले पाणी ओतावे आणि तीन-चार मिनिटे झाकावे. दूध वेगळे द्यावे. तबकात गरम पाण्याचे भांडेही असावे, म्हणजे कडक झालेला चहा सौम्य करता येतो.

ओतण्याचे काम यजमानीणबाईंचे, किंवा त्यांनी सांगितलेल्या एकाच व्यक्तीचे. प्रत्येकाला विचारून एकेक कप भरून द्यावा. आधीच भरलेल्या कपांचे तबक फिरवल्यास गप्पांची ती संथ लय राहत नाही. काकडीचे सँडविच, स्कोन आणि केक एवढे खाणे पुरते. याला ‘हाय टी’ म्हणण्याची चूक हॉटेलेही करतात. तो शब्द मूळचा कष्टकरी घरांतल्या संध्याकाळच्या भरपेट जेवणाचा आहे. मीठ आणि अंडे मात्र चांदीपासून दूर ठेवावे. मिठाने खड्डे पडतात, अंड्यातल्या गंधकाने काळे डाग.

पाहुणे निघाल्यावर त्याच संध्याकाळी भांडी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन मऊ सुती कापडाने पुसावीत. आतला तपकिरी थर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने सैल होतो. चिंच, राख, रांगोळी आणि टूथपेस्ट वर्ज्य. तांब्या-पितळेची रीत इथे चालत नाही. ॲल्युमिनियमच्या कागदाचा आणि सोड्याचा उपाय काळेपणा क्षणात घालवतो, पण नक्षीतली छटाही नेतो. पॉलिश क्वचितच करावे, आणि छापांवर कापड दाबून फिरवू नये.

ठेवताना मलमल किंवा आम्लरहित कागद वापरावा. लोकर, रबरबँड आणि वर्तमानपत्र यांनी चांदी लवकर काळवंडते. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी शेजारी असावी आणि चहादाणीचे झाकण किंचित उघडे, म्हणजे आत कुबट वास धरत नाही.

— मावशी