गुडघा सुजला म्हणून खेळ संपला का?

दिवाळी सरली की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत गावोगाव कबड्डीचे सामने लागतात, आणि त्याच दिवसांत माझ्याकडे सुजलेले गुडघे येऊ लागतात. गेल्या मोसमात वस्तीतली एक मुलगी आली. चढाईत पाय रोवलेला असतानाच पकड बसली आणि गुडघ्यात 'कट' असा आवाज झाला. तासाभरात गुडघा फुगला. घरच्यांनी गरम तेलाने रगडून घेतला. तीन आठवड्यांनी दुखणे थांबले म्हणून ती पुन्हा मैदानात उतरली, तर वळताना गुडघा निसटला आणि पडली. मला म्हणाली, "ताई, संपली का माझी कबड्डी?"

मी तिला डॉ. वेस पेस यांच्याबद्दल सांगितले. टेनिसपटू लिअँडर पेसचे वडील म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण त्यांची स्वतःची कमाई मोठी आहे. १९४५ साली गोव्यात जन्म. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सला २-१ असे हरवून कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघात ते मधल्या फळीत खेळत. पुढे त्यांनी खेळाडूंच्या शरीराची निगा राखणारे क्रीडावैद्यक हेच आपले काम केले. भारताचा डेव्हिस कप टेनिस संघ आणि क्रिकेट नियामक मंडळ यांच्यासोबत ते होते. १४ ऑगस्ट २०२५ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. खेळाडू दुखणे लपवतो, हे खेळून आलेल्या डॉक्टरला वेगळे सांगावे लागत नसणार. आम्हा नर्सना ते ओळखायला वर्षे लागतात.

आता गुडघ्याकडे येऊ. लिगामेंट म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारी दोरी. एक्स-रेत हाड दिसते, ही दोरी दिसत नाही. म्हणून "हाड मोडलेले नाही" एवढे ऐकून निश्चिंत होऊ नका. आवाज झाला, काही तासांतच सूज आली किंवा गुडघा निसटतो असे वाटले, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गरज पडली तर ते एमआरआय सांगतील. चार पावलेही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिले दोन-तीन दिवस तेल, शेक, मालिश पूर्ण बंद. रगडल्याने सूज वाढते. बर्फ स्वच्छ पिशवीत घालून, कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवा, असे दिवसातून चार-पाच वेळा. (मासळीच्या पेटीतला बर्फही चालेल, पिशवी मात्र धुतलेली हवी!) क्रेप बँडेज बांधा, पण बोटे बधिर होतील इतके घट्ट नको. पाय उशीवर उंच ठेवा.

खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि तिथेच आपण कंटाळतो. पडून राहिलेल्या पायाची मांडी काही आठवड्यांत बारीक होते. ती ताकद गोळीने परत येत नाही, फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामाने येते. डॉक्टरांची परवानगी मिळाली की गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचे, असे दहा वेळा. दिसायला क्षुल्लक आहे, पण सुरुवात इथूनच. लिगामेंटचे ऑपरेशन झाले असेल तर मैदानात परतायला साधारण नऊ महिने लागतात. दुखायचे थांबले एवढ्यावर उतरू नका. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाली का, ते फिजिओला तपासू द्या.

ती मुलगी आता विचारते, फिजिओ कसे होतात? बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे, मग नीट परीक्षा. बीपीटीएचला चार वर्षे अभ्यास आणि पुढे इंटर्नशिप. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी ही कामे अकरावीतच सुरू करा. प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव केलेली मुले मी पाहिली आहेत.